बांधावरची देवी आणि चिमूटभर माती

"माझं कुणी खरं मानलं नाही," असं सांगत एका जंगलात एक सायाळ अजून फिरते. तिचं नाव तुळसा. भेटेल त्याला ती थांबवते, आणि थांबवलेल्याला नेमकं तेव्हाच कुठंतरी जायचं असतं. तेव्हा तिची गोष्ट आता मीच सांगून टाकते. पोरांनो, नाकं पुसा आणि नीट बसा. मधेच कुणी "देवी खरी होती का?" असं विचारायचं नाही. तेवढं सोडून काहीही विचारा.

तर त्या जंगलात एक तळं होतं. तीन बाजूंना डोंगर आणि चौथ्या बाजूला मातीचा बांध. पावसाचं पाणी बांधाला अडायचं आणि पुढच्या पावसापर्यंत पुरायचं. दुसरं पाणी तीन डोंगर ओलांडून पलीकडं. म्हणजे बांध आहे तर जंगल आहे. गोष्ट इतकी साधी होती की तिचा कुणी विचारच करत नसे.

बांध मातीचा असला की त्याला दर वर्षी माती घालावी लागते. म्हणून पावसाळा सरला की तिथं तुडवण असायची. प्रत्येक जनावरानं एक खेप माती आणायची, बांधाला लावायची आणि सगळ्यांनी मिळून ती पायांनी तुडवायची. गवा आपल्या वजनानं तुडवी, ससा आपल्या. सशाच्या तुडवण्यानं काय होत असेल ते ससाच जाणे. पण जो तुडवणीला आला नाही, त्याला उन्हाळ्यात पाण्यावर सगळ्यांच्या शेवटी यावं लागे. त्यामुळं सगळे येत.

तुळसाचं बीळ बांधाच्या खाली, उतरणीला होतं. बिळात ती आणि तिची लेक पिंटी. नवरा होता, पण तो पलीकडच्या डोंगरावर असे आणि त्याचं तिथं बरं चाललं होतं. तुळसाचा जन्म माती उकरण्यात गेलेला. मातीचा वास घेऊन ती सांगायची, की ही राहील, ही ढासळेल. तिला सगळे घाबरत. काट्यांना थोडे आणि तोंडाला जास्त.

शेजारी गजरा नावाची भेकर राहायची. मऊ स्वभावाची, हळू बोलणारी. गेल्या उन्हाळ्यात ह्याच तळ्यावर पाणी पिताना तिचं पोर अजगरानं नेलं. तेव्हापासून ती नीट खात नव्हती. गवतासमोर उभी राही आणि तशीच परत येई.

एक दिवस सकाळी ही गजरा धावत तुळसाच्या बिळाशी आली. धावत! तुळसा बाहेरच आली.

"तुळसे, चल. आत्ताच्या आत्ता चल. बांधावर देवी आलीय."

"कुठली देवी?"

"मला काय ठाऊक कुठली? तू चल."

बांधाच्या बाहेरच्या अंगाला, साधारण गव्याच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर, ओला डाग पडला होता. सुपाएवढा.

"हे बघ डोळे," गजरा म्हणाली. "हा मळवट. आणि हे खाली बघ, मांडीवर. दिसतंय?"

तुळसानं डागाला नाक लावलं. मग माती चाटली. मग म्हणाली, "अक्का, हा पाझर आहे. पाणी आतून वाट काढतंय."

"मांडीवर बघ ना."

"काय बघू?"

"माझं पोर आहे," गजरा म्हणाली. "तिच्या मांडीवर बसलंय. मान वळवून बघतंय माझ्याकडं. तिनं सांभाळलंय गं त्याला."

तुळसाच्या तोंडात बरंच काही आलं होतं. ते तिनं गिळलं. तिनं मनात म्हटलं, तुडवण आठ दिवसांवर आहे. चार खेपा माती इथं जास्त टाकू. तोवर हिला दोन घास गोड लागत असतील तर लागू देत. कुणाचं काय बिघडतं?

बघा पोरांनो, हे वाक्य पहिल्यांदा कुणी म्हटलं ते लक्षात ठेवा. पुढं ते सगळ्यांनीच म्हटलं.

गजरानं त्या दिवशी पोटभर चारा खाल्ला. आणि पोट भरलेलं जनावर बोलतं. दुपारपर्यंत ही बातमी सशांना कळली. सशांना कळली म्हणजे सगळ्यांना कळली. संध्याकाळी बांधाखाली ही गर्दी. रानडुकराला डागात वराह दिसला. मोराला सरस्वती दिसली, कारण तिच्याजवळ मोर होता. अस्वलाला काही दिसलं नाही, पण ते सगळ्यात जास्त रडलं.

सर्जेराव नावाचा एक वानर होता. त्याच्या टोळीला दिवसभर काही काम नसे. दुसऱ्या दिवशी त्याच टोळीचं देवी उत्सव मंडळ झालं. वेल बांधून रांग केली. रांगेत न थांबणाऱ्यांसाठी दुसरी रांग केली. कावळ्यांना चारी दिशांना बसवलं, की दिवसभर देवीच्या नावानं ओरडायचं. कावळे तसेही ओरडतच, पण आता त्यांना गप्प बस म्हणायची सोय राहिली नाही.

आणि अंगारा सुरू झाला. डागातली ओली माती चिमूटभर घ्यायची, कपाळाला लावायची, उरलेली घरी न्यायची. खुरात चिमूट कशी धरता येते असं विचारू नका. श्रद्धा असली की येते. सशाची चिमूट सशाएवढी. गव्याची चिमूट घमेलंभर. रानडुकरांनी सांगितलं, आमच्यात नाकानं घ्यायची पद्धत आहे. त्यांनी हातभर उकरलं.

तुळसानं हे पाहिलं आणि ती तडक दौलतराव गव्याकडं गेली. दौलतराव जंगलाचा पाटील. तो रवंथ करत बसला होता.

"पाटील, बांधाची माती चाललीय."

"चिमूट चिमूट तर घेतात," दौलतराव म्हणाला. "एवढा मोठा बांध. चिमटीनं काय बिघडतं?"

"किती चिमट्या झाल्या ते बघितलंत?"

"देवाच्या दारात मोजायचं नसतं, तुळसाबाई."

"बरं. तुडवण कधी घ्यायची?"

दौलतरावानं रवंथ थांबवली. हा विचार त्याच्याही डोक्यात आला नव्हता. त्यानं सर्जेरावाला बोलावलं. सर्जेरावानं ऐकलं आणि दोन्ही कानांवर हात ठेवले.

"तुडवण? देवीला पाय लावायचा? पाटील, तुमच्या तोंडून हे ऐकायची वेळ यावी!"

"मी नाही म्हणालो," दौलतराव घाईनं म्हणाला. "ह्या बाई म्हणाल्या."

"वैनी, तुम्हाला लेकरंबाळं आहेत," सर्जेराव म्हणाला. "जरा बघून बोलावं."

"लेकरू आहे म्हणूनच बोलते," तुळसा म्हणाली. "बांधाखाली बीळ माझं आहे, भावजी. तुमचं झाड वर टेकडीला आहे."

"सायाळीला जिथं तिथं भोकच दिसायचं," सर्जेराव म्हणाला, आणि त्याची टोळी हसली.

शेवटी बगळे गुरुजींना विचारायचं ठरलं. बगळे गुरुजी तळ्यात एका पायावर उभे असत आणि जंगलात तेवढेच एक शिकलेले होते. त्यांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या. मग म्हणाले, "श्रद्धा वेगळी आणि अंधश्रद्धा वेगळी. पाझर हा पाझरच असतो. परंतु कुणाला त्यात देवी दिसत असेल, तर ती दिसू न देणं हेही योग्य नाही. तुडवण आवश्यकच आहे. परंतु भावनाही आवश्यक आहेत."

"म्हणजे तुडवायचं की नाही?" तुळसानं विचारलं.

"ह्यावर विचार व्हायला हवा," गुरुजी म्हणाले, आणि एक मासा गिळून विचार करू लागले.

विचार होत राहिला. त्या वर्षी तुडवण झाली नाही. जंगलात एवढ्या वर्षांत पहिल्यांदा झाली नाही, आणि सगळ्यांना थोडं बरंच वाटलं. मातीची खेप आणायला कुणाला आवडतं?

तुळसा मात्र बसणारी नव्हती. एक दिवस दुपारी रांग जेवायला आणि गजरा चरायला गेली तेव्हा ती एकटीच चिकणमाती घेऊन आली. तिनं भोकात माती भरली, पाठीनं दाबली, पायांनी ठोकली. तीन खेपा झाल्या. चौथीला सर्जेरावाची टोळी परत आली.

मग काय विचारता! "देवीच्या तोंडाला चिखल फासला" अशी आरोळी उठली. कावळ्यांनी ती दहा डोंगरांपर्यंत नेली. पंच बसले. सगळ्यांच्या भावना दुखावल्या होत्या. अस्वलाच्या तर इतक्या दुखावल्या होत्या की त्याला धरून बसवावं लागलं.

"माती काढली तर अंगारा, आणि लावली तर चिखल?" तुळसानं विचारलं.

तिला बांधावर यायची बंदी झाली. तिनं भरलेली माती टोळीनं उकरून काढली आणि सोबत थोडी बांधाचीही निघाली.

गजरा त्या संध्याकाळी तिच्याकडं आली. बिळाच्या तोंडाशी उभी राहिली. मग म्हणाली, "तू त्याचं तोंड बुजवलंस गं. माझ्या पोराचं."

"अक्का, मी भोक बुजवलं."

"मी दिवसभर त्याच्याशी बोलत बसते. तुझं काय घेते मी?"

तुळसा भल्याभल्यांना फाडून खायची, पण गजरासमोर तिचं तोंड चालत नसे. गजराच्या अंगावर मास आलं होतं. डोळ्यांत पाणी नव्हतं. हे त्या ओल्या डागानं केलं होतं, तुळसाच्या शहाणपणानं नाही. हे तुळसाला दिसत होतं. ती आंधळी नव्हती.

थंडीत पिंटी आजारी पडली. अंग तापलं. डोळे उघडीना. तुळसानं कडू कंद उकरून आणला, चावून तिच्या तोंडात घातला. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. फरक नाही. पोरगी नुसती धापा टाकत पडलेली.

चौथ्या दिवशी भर दुपारी, रांग जेवायला आणि गजरा चरायला गेली असताना, तुळसा बांधावर गेली. तिनं इकडं तिकडं पाहिलं. आणि चिमूटभर माती घेतली.

हसू नका. तुमच्या आयांना जाऊन विचारा, तुमच्यासाठी त्यांनी कुठं कुठं काय काय घेतलंय.

तिनं ती माती पिंटीच्या कपाळाला लावली. दुसऱ्या दिवशी पिंटीनं डोळे उघडले आणि खायला मागितलं. कंदानं बरी झाली की मातीनं? तुळसा म्हणायची, कंदानं. पण ती हे जरा जास्तच जोरात म्हणायची.

मात्र माती घेताना तिला दुसरं एक कळलं होतं. माती बोटांना लोण्यासारखी सुटली होती. आत काही धरून राहिलं नव्हतं.

चार दिवसांनी डागातलं पाणी गढूळ झालं. इतके दिवस ते नितळ येत होतं. नितळ पाणी पाझरतं तोवर बांध नुसता घामेजलेला असतो. गढूळ आलं की समजायचं, पाणी आतली माती घेऊन निघालंय. हे तुळसाच्या आईनं तिला सांगितलं होतं, तिच्या आईनं तिच्या आईला. त्या जंगलातली माती तांबडी. म्हणून पाणी तांबडं आलं.

"कुंकू!" सर्जेराव ओरडला. "देवीनं तीर्थात कुंकू सोडलं!"

मोठा उत्सव ठरला. पाच दिवसांचा. पलीकडच्या डोंगरांवरून जनावरं आली. तुळसाचा नवराही आला. देवीचं दर्शन घेतलं आणि बायकोला न भेटता गेला.

तुळसा दौलतरावाच्या समोर जाऊन आडवी उभी राहिली. "पाटील, तुमच्या पाया पडते. तांबडं पाणी म्हणजे बांध आतून पोकळ झालाय. सगळ्यांना वर घ्या. आणि आता तरी माती टाका."

तुळसा कुणाच्या पाया पडत नसे. दौलतराव क्षणभर विचारात पडला. मग त्यानं बांधाखालची गर्दी पाहिली.

"एवढी सगळी मंडळी चूक आणि तुम्ही एकट्या बरोबर, असं कसं होईल बाई?"

"होतं कधी कधी."

"उत्सव झाला की बघू."

तुळसा घरी आली. पिंटीला पाठीमागं घेतलं आणि बीळ सोडलं. जाताना गजराकडं गेली. गजरा डागासमोरच बसली होती. आता डाग राहिला नव्हता. तिथं दरड फोडल्यासारखी खोबण झाली होती आणि तिच्यातून तांबडं पाणी धारेनं येत होतं.

"अक्का, चल. टेकडीवर चल. चार दिवसांनी परत ये हवं तर."

"आणि त्याच्यापाशी कोण बसेल?"

"अक्का, चेहरा कुठं उरलाय आता? बघ ना तू. नुसतं भोक आहे."

गजरा हसली. "तुला पहिल्या दिवशीही भोकच दिसलं होतं."

तुळसानं तिला तोंडानं ढकललं, काटे फुलवून दाखवले, शिव्याही दिल्या. गजरानं तिच्या काट्यांवरून मान फिरवली, तिला टोचलं असणार, आणि म्हणाली, "तू जा. पिंटीला भूक लागली असेल."

उत्सवाच्या तिसऱ्या दिवशी, सकाळच्या आरतीला, बांध गेला.

आधी धार वाढली, तेव्हा सगळ्यांनी जयजयकार केला. मग खोबणीच्या वरची माती खाली बसली. मग तळं आलं. सगळं तळं, एकदम, तांबडं. वानर झाडांवर होते. दौलतराव मानाच्या जागी, उंचावर होता. कावळे उडाले. बाकीचे लोळत, आपटत, नाकातोंडात चिखल घेऊन ओढ्याच्या दोन्ही काठांना लागले. लागले ते लागले. तुळसाचं बीळ कुठं होतं हे आता सांगता येत नाही.

गजरा सापडली नाही.

"देवीनं तिला पोटात घेतलं," सर्जेराव म्हणाला. "केवढं तिचं भाग्य."

तुळसा ओढ्याच्या काठानं खालपर्यंत गेली आणि दोन दिवस शोधत राहिली. ती रडली असं म्हणतात. सायाळीच्या डोळ्याला पाणी येतं हे कुणाला खरं वाटलं नाही.

तळ्याच्या तळाशी चिखल उरला आणि चिखलात मासे तडफडत पडले. बगळे गुरुजी पंधरा दिवस दोन्ही पायांवर उभे राहून जेवले. त्यानंतर पाण्यासाठी तीन डोंगर ओलांडावे लागणार होते, आणि उन्हाळा अजून यायचा होता. तेव्हा पंच बसले. एवढं मोठं नुकसान झालं म्हणजे कुणीतरी केलेलं असणार.

"देवी कोपली, हे उघड आहे," सर्जेराव म्हणाला. "प्रश्न एवढाच, की कुणामुळं?"

प्रत्येकाला उभं करून विचारलं. ससा म्हणाला, मी चिमूटभरच घेतली, भक्तीनं. रानडुक्कर म्हणालं, आम्ही परंपरेनं घेतली. अस्वल म्हणालं, मी रडत रडत घेतली. दौलतराव म्हणाला, माझी चिमूट जरा मोठी असेल, पण माझी श्रद्धाही मोठी आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या.

"तुळसाबाई," दौलतराव म्हणाला, "तुम्ही तर घेतलीच नसणार."

तुळसा खोटं बोलली असती तर गोष्ट तिथंच संपली असती. कुणी पाहिलं नव्हतं. पण त्या बाईला एक खोड होती. विचारलं की ती खरं सांगायची.

"घेतली," ती म्हणाली. "पोरगी आजारी होती. एक चिमूट मीपण घेतली. तुम्ही जेवायला गेला होतात तेव्हा."

सगळ्यांच्या माना तिच्याकडं वळल्या.

"विश्वास ठेवून घेतलीत?" सर्जेरावानं हळूच विचारलं.

तुळसानं विचार केला. तिला हो म्हणता येईना. "नाही," ती म्हणाली. "भीतीनं घेतली."

बगळे गुरुजींनी मान वर केली. त्यांचं पोट भरलेलं होतं आणि आवाज भरदार झाला होता. "हजारो चिमट्या श्रद्धेनं घेतल्या, तेव्हा बांध उभा होता. एक चिमूट अश्रद्धेनं घेतली, आणि बांध गेला. मी कुणाला दोष देत नाही. परंतु हिशेब स्पष्ट आहे."

"आणि ती आधीच बीळ सोडून गेली होती," ससा म्हणाला.

"तिला ठाऊक होतं!" रानडुक्कर ओरडलं.

"अरे मेल्यांनो, ठाऊक होतं म्हणून तर सांगत होते ना!" तुळसा किंचाळली.

पण तोवर सगळे उठले होते. त्यांना फार मोकळं मोकळं वाटत होतं. दौलतरावानं निकाल दिला, की पलीकडच्या पाण्यावर सायाळीनं आणि तिच्या पोरीनं सगळ्यांच्या शेवटी यायचं. सर्जेरावानं फुटलेल्या बांधाच्या जागी एक दगड उभा केला, त्याला गेरू फासला आणि गजराच्या नावानं दुसरी रांग सुरू केली. दगडाला पाझर नव्हता. तरी माती घ्यायला तिथं बरीच जागा होती.

*तात्पर्य :* श्रद्धेनं कधी कुणाचं काही बिघडत नाही. ज्याचं बिघडतं त्याची श्रद्धा कमी पडलेली असते, आणि जो वाहून जातो त्याचं भाग्य थोर असतं. तेव्हा पोरांनो, बांध पाझरताना दिसला तर हात जोडा आणि गप्प राहा. चिमूट घ्यायची तर रांगेतून घ्या, सगळ्यांच्या देखत घ्या, आणि घाबरून तर मुळीच घेऊ नका. पुढंमागं कुणी विचारलं, की तळं कुणी रिकामं केलं, तर अडखळू नका. सगळं जंगल एका तोंडानं सांगतं तेच नाव तुम्हीही सांगा : तुळसा सायाळ.